चौथी मोटर

साडूवर आपलं फार प्रेम आहे, असं जगदीश सगळ्यांना सांगायचा. सांगायला काय जातं? लुडविग्सहाफेनच्या एका रसायन कारखान्यात अठरा वर्षं पंपांची देखभाल केलेला माणूस, वय शेहेचाळीस, घरातला थोरला जावई. त्याने धाकट्या साडूवर जळावं हे त्याला स्वतःलाही शोभत नव्हतं. पण सत्यजितचं नाव निघालं की पोटात जे दुखायचं ते दुखायचंच, आणि त्यावर कुठल्या आपोटेकमध्ये गोळी मिळत नाही.

सत्यजित राहायला बॉनला, कामाला एका टेलिफोन कंपनीत. जगदीशच्या बायकोची, म्हणजे कीर्तीची, धाकटी बहीण धम्मदीपा ही त्याची बायको. सत्यजितचं वय अडतीस, पोट सपाट, केस सगळे जागच्या जागी. जर्मनीत येऊन पाच वर्षं झाली नाहीत तोवर आम्टमधल्या, म्हणजे सरकारी कचेरीतल्या, बायका त्याच्याशी हसून बोलायला लागल्या. जगदीशशी त्या अजूनही फॉर्म नंबर सांगण्यापुरतंच बोलत. नात्यातल्या सगळ्यांचे वाढदिवस सत्यजितला पाठ. आणि कहर म्हणजे सासऱ्यांना तो 'बाबा' म्हणायचा! जगदीश सतरा वर्षं रीतीप्रमाणे 'मामा' म्हणत आला होता. हा मागाहून आला आणि सरळ 'बाबा'. त्याला कुणी काही बोललंही नाही.

हे मामा, वासुदेवमामा, भंडाऱ्याचे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. पस्तीस वर्षं उन्हातान्हात साखळी ओढत त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. बांधावरून डोकी फुटायची वेळ यायची, पण मामांनी खुंटी ठोकली की दोन्हीकडचे गप्प बसायचे. बोलणं मोजकं, कौतुक त्याहून मोजकं. त्यांची पंचाहत्तरी येत्या मे महिन्यात होती आणि त्यासाठी ते दीड महिना मुलींकडे यायचे होते. फोनवर एकदा सहज म्हणाले, "जन्मभर जमीन पायानं मोजली. एकदा वरून बघायची राहिली आहे."

दोन्ही जावयांनी ते ऐकलं. जगदीशने त्याच क्षणी मनाशी ठरवलं, मामांना जमीन वरून दाखवायची ती आपणच. सतरा वर्षांत त्या माणसाने एकदाही पाठीवर हात ठेवून 'वा' म्हटलं नव्हतं, ते ह्या निमित्ताने वसूल करायचं. जीव अडकला होता तो एवढ्याशा 'वा'मध्ये, दुसऱ्या कशात नाही.

तयार ड्रोन दुकानात मिळतो. पण दुकानातून आणून कसली शेखी मिरवणार? जगदीशने सुटे भाग मागवले: कार्बनचा सांगाडा, चार मोटरी, पाती, मेंदूचं काम करणारं काडेपेटीएवढं एक सर्किट आणि पोटाखाली लावायला कॅमेरा. नोव्हेंबरपासून इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकली आणि बटाट्यांच्या गोण्या ह्यांच्या मधोमध त्याने टेबल मांडलं. कीर्ती वरून हाका मारून दमायची. "अहो, जेवायला येताय की तिथेच स्क्रू खाताय?"

ड्रोन जोडणं त्याला जड गेलं नाही, उडवणंही नाही. थरथर न होता उडवणं, तिथे खरी मेख होती. वाऱ्याने ड्रोन कलला तर मोटरींनी त्याला किती जोरात आणि किती चटकन सावरायचं, ह्याचे आकडे सर्किटला शिकवावे लागतात. ह्यालाच ट्यूनिंग म्हणतात. आकडे कमी पडले तर ड्रोन झिंगल्यासारखा झुलतो. जास्त झाले तर मोटरी चटका बसेल इतक्या तापतात आणि सगळं अंग थडथडतं. जगदीशने आकडे अकरा वेळा बदलले. तरी कॅमेऱ्यातलं चित्र काही ठरेना. द्राक्षांचे मळे पडद्यावर जेलीसारखे डुलत होते.

आणि इथे पंपवाल्याने पंपवाल्यासारखीच चूक केली. कारखान्यात पंप थरथरला की आधी त्याचा पाया आवळायचा, हा ह्याचा अठरा वर्षांचा हात. कॅमेरा थरथरतोय? आवळा! अजून एक पट्टी, अजून दोन स्क्रू. जितकं आवळलं तितकी मोटरींची थरथर सरळ कॅमेऱ्यात उतरत गेली. असे तीन आठवडे गेले. त्यातच एका संध्याकाळी कीर्तीने पोळ्या लाटता लाटता बातमी दिली, "सत्यजितही ड्रोन बांधतोय म्हणे. बरंय, दोघांना एकच खूळ." जगदीशच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "बांधू दे की! कुणाला काय मनाई आहे?" असं तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की कीर्तीने वळून बघितलं.

रविवारी त्या सत्यजितचाच फोन आला. "दादा, कीर्तीताईंनी तुमचा व्हिडिओ पाठवला. राग मानू नका, पण कॅमेरा घट्ट बांधलाय का?"

"मग काय सुतळीने टांगू?"

"गेनाऊ, अगदी बरोबर, टांगायचाच! मऊ रबराच्या चार गोळ्यांवर. थरथर रबर खाऊन टाकतं. मीही आधी घट्टच बांधला होता."

जगदीशने "बघतो" म्हणून फोन ठेवला आणि दोन दिवस मुद्दाम काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी केलरचं दार आतून लावून गोळ्या बसवल्या. चित्र भिंतीसारखं स्थिर! आनंद व्हायला हवा होता. ह्याला मात्र रडू यायचंच बाकी होतं. कीर्तीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सापडलं शेवटी." कुणी शोधून दिलं, ते त्याने सांगितलं नाही.

मामा आले. आधी दोन आठवडे लुडविग्सहाफेनला राहिले. सकाळी फिरायचे, दुपारी पेपर वाचायचे, बोलायचे कमीच. एकदा वॉशिंग मशीन घरघरायला लागलं. जगदीशने स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या पाठीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून सांगितलं, "मागचं बेअरिंग गेलंय." पंपवाल्यांची ही जुनी पद्धत, आतला आवाज सरळ कानात येतो. उघडून बघितलं तर तेच निघालं. मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "हं." बस, एवढंच. मग ते बॉनला गेले आणि तिथून रोज धम्मदीपाचे फोटो यायला लागले: बाबा ऱ्हाइनच्या काठावर, बाबा बोटीत, बाबा सत्यजितच्या खांद्यावर हात टाकून. फोटो बघून जगदीश 'छान, छान' असं लिहायचा आणि दात-ओठ खायचा.

वाढदिवसाचा शनिवार उजाडला. जगदीश ज्या मॉडेल-विमानांच्या फेराइनचा, म्हणजे मंडळाचा, सभासद होता, त्यांचं मैदान नॉयश्टाटच्या बाजूला द्राक्षमळ्यांच्या मधोमध होतं. सगळे तिथे जमले. फक्त जगदीशचा मुलगा विहान नव्हता, तो क्लासेनफार्टला, शाळेच्या सहलीला गेला होता. कीर्तीने तर्रीपोहे आणले होते, धम्मदीपाने केक. सत्यजितची सहा वर्षांची शमिका सगळ्यांना मराठीत बोलायला लावायची आणि उत्तरं जर्मनमध्ये द्यायची.

दोन ड्रोन गवतावर शेजारी शेजारी ठेवले होते. जगदीशचा काळा, साधा. सत्यजितचा मोठा, नेटका, वायरी रंगांप्रमाणे लावलेल्या, अंगावर कुठे एक ओरखडा नाही. जगदीशने तो एका नजरेत पाहिला आणि पोह्यांची बशी खाली ठेवली.

"आजोबा, गुक माल! पापा त्सुएर्स्ट!" शमिका आजोबांचा हात ओढत होती. आधी पापांचा.

"बरं बाई, आधी पापांचा," मामा म्हणाले. झालं! सहा महिने केलरमध्ये पाठ मोडली ती ह्यासाठी? मामांना जमीन पहिल्यांदा वरून दाखवणार तो सत्यजितच. जगदीश हसला. हसण्यासाठी त्याला केवढं बळ लागलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मग मामा थांबले. "पण उडवायच्या आधी... जगदीशराव, तुम्ही जरा ऐकून बघता का ह्याच्या मोटरी?"

म्हणजे आता साडूच्या यंत्राची हमालीही आपणच करायची! उडवणार तो, टाळ्या त्याला, आणि आपण मेस्त्री. जगदीशने गाडीतून स्क्रूड्रायव्हर आणला. सत्यजितने पाती काढली आणि लॅपटॉपवरून एकेक मोटर फिरवली. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरीही. चौथीला टोक टेकवलं आणि जगदीशने मूठ कानाला आणखी दाबली. सूं-सूं आवाजाच्या खाली, अगदी तळाशी, बारीकशी खरखर होती. दाताखाली वाळूचा कण यावा तशी. बेअरिंग गेलं होतं. कदाचित दहा मिनिटं टिकलं असतं, कदाचित दोन.

त्याने डोळे उघडले. समोर सत्यजित उकिडवा बसला होता, विश्वासाने त्याच्याकडे बघत. आणि मामांचा हात सत्यजितच्या खांद्यावर होता.

"ठीक आहे," जगदीश म्हणाला.

"चारही?" मामांनी विचारलं.

"चारही."

तोंडातून गेलं ते गेलं. मग लगेच मनाची समजूत घालणं सुरू झालं: टिकेल की, छोटीशीच तर खरखर आहे, आपलाच कान आजकाल फार हळवा झालाय. पडावा असं काही त्याला वाटत नव्हतं हो. जरा डुलावा, चित्र थरथरावं, मामांच्या कपाळाला एक आठी पडावी, एवढंच हवं होतं. पण हवं होतं हे खरं, आणि ते त्याला माहीत होतं.

ड्रोन वर गेला. सुरेख गेला, अजिबात हेलकावा नाही. शमिकाला मैदानाच्या कडेला धम्मदीपाने धरून ठेवलं होतं. मामा पडद्यावर वाकले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अरे बाप्पा!" सतरा वर्षांत ह्या माणसाला इतक्या मोठ्याने बोलताना जगदीशने ऐकलं नव्हतं. मळ्यांच्या ओळी, मधली वाट, कोपऱ्यातलं विहिरीएवढं तळं, सगळं मामा बोटाने दाखवत होते. जगदीशची नजर ड्रोनवरून हलत नव्हती. पड ना, त्याच्या मनात आलं. अगदी ह्याच शब्दांत आलं.

आणि तो पडला. एक मोटर एकदम गप्प झाली, ड्रोन स्वतःभोवती गरगर फिरला आणि तीस मीटरवरून मळ्यात कोसळला. लांब, ओळींच्या मध्ये. तिथे कुणी नव्हतं, तेवढं नशीब. काडकन आवाज झाला आणि मग शमिकाने भोकाड पसरलं. "कापुट! पापा, कापुट!"

सत्यजित पळत मळ्यात शिरला. धम्मदीपा पोरीला समजावत होती. मामा जागचे हलले नाहीत. कपाळाला आठी पडली होती खरी, पण ते बोलले ते जगदीशला ऐकवत नव्हतं.

"वारा लागला असणार. नाहीतर सत्यजितरावांची काहीतरी घाई झाली. यंत्रात दोष असता तर तुम्ही सांगितलंच असतं." मग कीर्तीकडे वळून म्हणाले, "ह्यांचा कान म्हणजे कान आहे. ते वॉशिंग मशीन नुसतं ऐकून सांगितलं ह्यांनी! मी भंडाऱ्याला सगळ्यांना फोन करून सांगितलं. आमच्या खात्यात असा एक माणूस असता, तर म्हटलं..." आणि वाक्य अर्धवट सोडून ते जगदीशला म्हणाले, "काढा आता तुमचं. मला बघू द्या."

म्हणजे ते 'हं' म्हणजे हे होतं! भंडाऱ्यात घरोघरी जगदीशचं नाव झालं होतं आणि हा इथे फोटो बघून जळत बसला होता. मुकाट्याने त्याने ड्रोन उडवला.

चित्र असं आलं की कुणाची दृष्ट लागावी. एक पान हललं तर दिसावं. मामा पडद्याला नाक लावून बसले. "हा बांध बघा, तिरका गेलाय. कुणीतरी शेजाऱ्याचं हातभर खाल्लंय! आणि ही वाट मागाहून काढलेली. वा! वा, जगदीशराव!" आणि त्यांनी खरोखरच जगदीशच्या पाठीवर हात ठेवला. सुरकुतलेला, जड हात.

सहा महिने ज्याच्यासाठी तडफडलो ते हेच ना, जगदीशला वाटलं. मग ते अंगाला का लागत नाहीये?

तेवढ्यात सत्यजित मळ्यातून बाहेर आला. जॅकेटची झोळी करून त्यात तुकडे भरलेले, हाताला ओरखडे. पडद्यावर नजर जाताच तो थबकला आणि मनापासून हसला. "दादा, एक नंबर! जेली पार गेली की!" रबराच्या गोळ्यांबद्दल चकार शब्द नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. निदान त्याच्यावर रागवायला एक कारण मिळालं असतं.

ड्रोन उतरवून जगदीश सामान ठेवायला गाडीकडे गेला. सत्यजित मागोमाग आला आणि हळूच म्हणाला, "दादा, चौथी मोटर जाम झालीय. फिरतच नाही. पण तुम्ही तर ऐकली होतीत, म्हणजे आधी नक्की ठीक होती. आदळल्यामुळेच जाम झाली असणार, नाही का?"

जगदीश डिकीतलं सामान उगाच इकडेतिकडे सरकवत राहिला.

"नाही, विचारतोय अशासाठी की त्याच खोक्यातल्या दोन मोटरी घरी पडल्यात. त्याच लावतो आता. पुढच्या महिन्यात शमिकाच्या शाळेचं झोमरफेस्ट आहे, उन्हाळी जत्राच म्हणा, शाळेने परवानगी दिलीय. पोरांचा फोटो काढायचाय वरून."

गाडीच्या डिकीत हात तसाच राहिला. पोरं. साठ-सत्तर पोरं, आणि त्यांच्या डोक्यावर त्याच खोक्यातली मोटर.

"त्या लावू नकोस," जगदीश म्हणाला.

"का?"

"वाजत होती."

"कोणती?"

"चौथी. खरखर होती. मला ऐकू आली होती."

सत्यजितला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याने वळून शमिकाकडे बघितलं. ती आता गवतात बसून केक खात होती. जगदीशला वाटलं, आता हा ओरडणार. ओरडावं, शिव्या द्याव्यात, दोन थोबाडीत दिल्या तरी चालतील.

"का, दादा?" एवढंच त्याने विचारलं. उत्तर त्याला जगदीशच्या चेहऱ्यावरच मिळालं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं नाही. तो तुकड्यांची झोळी घेऊन मामांकडे गेला. जगदीश मागे मागे गेला. आता हा सांगणार.

"काही सापडलं का?" मामांनी विचारलं.

"सापडलं, बाबा," सत्यजित म्हणाला. "माझीच चूक. पातं नीट आवळलं नव्हतं मी. दादांनी तपासलं तेव्हा सगळं ठीकच होतं."

जगदीश बघतच राहिला. ह्याने वाचवलं आपल्याला! आपण ह्याचं यंत्र पाडलं, आणि ह्याने दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला. सहज, जसं त्या दिवशी रबराचं सांगितलं तसं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी जगदीशला लाज वाटली नाही, कृतज्ञताही वाटली नाही. पोटात पुन्हा तेच दुखलं, पूर्वीपेक्षा जोरात. जर्मन ह्याचं चांगलं, ड्रोन ह्याचा देखणा, आणि आता मोठं मनही ह्याचंच? सगळं ह्यानेच घ्यायचं? हे तरी मी ह्याला मिळू देणार नाही.

"खोटं बोलतोय तो, मामा," जगदीश म्हणाला. आवाज इतका चढला की कीर्तीही पोह्यांचं पातेलं खाली ठेवून बघायला लागली. "पातं बरोबर आवळलं होतं त्याने. मोटर खराब होती. मला ऐकू आलं होतं. मी सांगितलं नाही."

सत्यजित म्हणाला, "दादा, जाऊ द्या ना." मामांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"ऐकू आलं होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं, चारही? तेव्हा?"

"तेव्हाही."

मामांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. रागावले असते तर जगदीशला सोसलं असतं. पण ते रागावलेले नव्हते. हद्दीची खुंटी हलली की मोजणी सगळी पहिल्यापासून करावी लागते, तसे ते दमलेले दिसत होते.

"मग आता," ते म्हणाले, "मी विचारायचं कुणाला, जगदीशराव?"